वेलिकी लूह पुन्हा बुडवण्याआधी : युक्रेन सरकारला खुले पत्र

प्रति,
युक्रेनचे मंत्रिमंडळ,
कीव.

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे. भांडायचं असो की विनवायचं, मला ते याच भाषेत नीट जमतं. भाषांतर करून तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. माझं युक्रेनियन घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिकलेलं आहे. त्यात बटाटे सोलता येतात, सरकारशी वाद घालता येत नाही.

पत्र लिहून राज्यकर्त्याला चार गोष्टी ऐकवायची रीत तशी तुमचीच. तुर्की सुलतानाने ‘शरण या’ म्हणून फर्मावलं तेव्हा झापोरिझियाच्या कोसॅकांनी, म्हणजे तिथल्या लढवय्यांनी, त्याला जे उत्तर धाडलं म्हणतात, त्यातल्या शिव्या मला तिसऱ्या वर्षापर्यंत कळत नव्हत्या. कळल्या तेव्हा आमच्याकडच्या जत्रेतला वग आठवला. जाणकार त्या पत्राला दंतकथा मानतात, पण दंतकथा झकास आहे. माझ्या पत्रात शिव्या नाहीत. विनंती आहे, तीही एकच : द्नीप्रो नदीवरचं, २०२३ मध्ये फुटलेलं काखोव्काचं धरण पुन्हा उभारायचा आणि त्याखालून वर आलेलं वेलिकी लूह हे पाणथळ रान बुडवायचा निर्णय सवयीने घेऊ नका.

मी डॉक्टर आहे. २००९ ते २०१५ झापोरिझियात शिकलो. महाराष्ट्रातून तिकडे वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या असंख्य पोरांपैकी एक. आता इंदापूर तालुक्यात दवाखाना चालवतो. या पत्राशी त्याचा संबंध इतकाच की माझ्या आजोबांचं गाव उजनी धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. आमच्याकडे ‘बुडीत’ हा शब्द दोन ठिकाणी येतो, सोसायटीच्या कर्जाला आणि गावाला. आजोबा दोन्हींकडून बुडीत होते, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

हे मी झापोरिझियात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती मालोकातेरिनिव्काला. शहराच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. मे महिना होता. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे ‘बाबुस्या’ म्हणायचो, बहिणीकडे कांदे लावायला निघाल्या होत्या आणि ओझं उचलायला मला सोबत घेऊन गेल्या. काम झाल्यावर त्या मला काठावर घेऊन आल्या. समोर पाणी, पाणी आणि पाणी. पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा. तिथली माणसं काखोव्का धरणाच्या या जलाशयाला ‘मोरे’ म्हणायची, म्हणजे समुद्र. बाबुस्यांनी मातीने भरलेलं बोट पाण्यावर कुठेतरी रोखलं आणि म्हणाल्या, “आईचं घर तिथं. खिडक्या नदीकडे होत्या.”

मी म्हणालो, “आमचंही.”

त्यांना वाटलं मला भाषा कळली नाही. मग मी चिखलात काडीने उजनी काढली, भीमा काढली, गाव कुठं होतं तिथं फुली मारली. पळसदेवचं जुनं देऊळ सांगितलं, उन्हाळ्यात पाणी आटलं की शिखरासकट वर येतं आणि लोक होड्या करून दर्शनाला जातात, ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “तुमचं निदान वर तरी येतं.”

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून गॅसचे पैसे घेतले नाहीत.

बाबुस्यांच्या आईचं गाव ज्या मुलखात होतं त्याचं नाव वेलिकी लूह. तुम्हाला मी ते काय सांगणार. पण हे पत्र माझे मराठी लोकही वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. लूह म्हणजे नदीकाठचं ओलं कुरण, आपल्याकडची मळई. वेलिकी म्हणजे थोरलं. द्नीप्रो नदी खोर्तित्सिया बेटाला वळसा घालून दक्षिणेला निघते आणि तिच्या डाव्या अंगाने कोन्का नावाची दुसरी नदी वाहते. या दोघींमध्ये आणि भोवताली पसरलेला फाटे, तळी, बेटं, देवनळाची बनं, ओक आणि वाळुंजांची जंगलं यांचा तो पसारा. वसंतात बर्फ वितळलं की सगळं पाण्याखाली, पाणी ओसरलं की गुडघाभर गवत. अशा रानाला तिकडे ‘प्लाव्नी’ म्हणतात. बाबुस्यांच्या आईच्या आठवणीत तिथे होडीतून गवत कापायला जायचे, ओढ्यात टोपली बुडवली की मासे निघायचे, आणि पूर ओसरल्यावर पेरच्या झाडांच्या बुंध्याला पाण्याची रेघ राहायची. त्या रेघेवरून बाया पीक सांगायच्या.

कोसॅकांचं तर सगळं आयुष्यच या रानावर. तुमच्याकडची म्हण आहे, ‘सिच आई, वेलिकी लूह बाप’. सिच म्हणजे त्यांचं लाकडी तटाचं ठाणं, जिथे ते सरदार निवडायचे आणि पटलं नाही तर त्याला पायउतारही करायचे. गवताळ सपाट मुलखात घोडदळाला अडवेल असा डोंगर नाही, घाट नाही. आडोसा होता तो या पाणथळ जंगलाचाच. तातारांचे घोडे चिखलात रुतायचे, सुलतानाची गलबतं फाट्यांत वाट चुकायची आणि कोसॅक देवनळातून होड्या काढून मागून यायचे. मावळ्यांना सह्याद्री, तसा त्यांना वेलिकी लूह. १६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्कीला हेटमन, म्हणजे कोसॅकांचा सर्वोच्च सेनापती, निवडलं ते मिकितिन सिचमध्ये, आजच्या निकोपोलपाशी. आणि ज्याच्या नावावर सुलतानाला धाडलेलं ते शिवराळ पत्र खपवलं जातं, तो इवान सिर्को चोर्तोमलिक सिचचा सरदार. तो वारला १६८० च्या ऑगस्टमध्ये. आमचे शिवाजी महाराज गेले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही, पण मराठी माणसाला ही तारीख वाचून क्षणभर थांबावंसं वाटतं.

चोर्तोमलिक सिच १७०९ मध्ये पीटर झारच्या फौजेने जाळली. शेवटची, नवी सिच कॅथरिन दुसरीने १७७५ मध्ये मोडली आणि तिचा म्हातारा सरदार पेत्रो काल्निशेव्स्की पार उत्तरेला, सोलोव्हेत्स्की मठाच्या कोठडीत नेऊन टाकला. जी माती उरली होती ती तिसऱ्यांदा गेली पाण्याखाली, १९५० च्या दशकात. त्या वेळी फौज लागली नाही, मॉस्कोतल्या एका ठरावावर काम भागलं. जंगल तोडलं, लोकांना स्वतःची घरं स्वतःच उतरवायला लावली, आणि १९५५ पासून पाणी चढायला लागलं. सिर्कोची कबर कापुलिव्का गावाच्या काठावर होती. जलाशयाच्या लाटांनी काठ ढासळत कबरीपर्यंत आला, तेव्हा १९६७ मध्ये त्याची हाडं काढून दुसरीकडे पुरावी लागली. कवटी अभ्यासाला म्हणून मॉस्कोला गेली आणि धडाजवळ परत यायला २००० साल उजाडलं. धरणग्रस्त म्हणतात तो हाच. मेल्यावर तीनशे वर्षांनी विस्थापित.

धरण केवढं होतं ते मराठी वाचकाला टीएमसीतच सांगितलं पाहिजे, त्याशिवाय आमच्या डोक्यात पाणी शिरत नाही. काखोव्काचा साठा १८.२ घनकिलोमीटर, म्हणजे साधारण ६४० टीएमसी. सहा कोयना. पसारा २,१५५ चौरस किलोमीटर, म्हणजे सहा नाथसागर एकापुढे एक. एवढं सगळं बुडवून वीज किती? साडेतीनशे मेगावॉटच्या आसपास. आमची कोयना १०५ टीएमसीत १,९६० मेगावॉटची आहे. तुलना पुरती न्यायाची नाही हे कबूल करतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून कोकणात कोसळतं आणि काखोव्काच्या पाण्याला पंधरा-सोळा मीटरच उतार होता. पण मुद्दा तोच आहे. सपाट मुलखात नदी अडवली की वीज थोडी आणि बुडीत फार. बाकी उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ, वास, आणि वर्षानुवर्षं ढासळणारे काठ.

अर्थात ते धरण केवळ विजेसाठी नव्हतं, हे तुम्ही मला सांगाल आणि ते खरं आहे. त्याकडे येतोच.

आधी ६ जून २०२३. त्या पहाटे काखोव्काचं धरण फुटलं. तेव्हा ते सव्वा वर्षापासून रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. मी दवाखान्यात होतो, मोबाइलवर चित्रफीत आली आणि समोरच्या पेशंटचा रक्तदाब मी दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा काय आकडा दिसला ते लक्षातच राहिलं नाही. खेरसनच्या रस्त्यांवर होड्या. ओलेश्की, होला प्रिस्टान छपरांपर्यंत पाण्यात. छपरांवर माणसं, आणि सुटकेला आलेल्यांवर गोळाबारी. नोव्हा काखोव्काच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात जनावरं पिंजऱ्यातच बुडाली. पोहता येणारे हंस आणि बदकं तेवढी वाचली. वरच्या अंगाला, जिथे पाणी पळालं, तिथे मारियान्स्केच्या काठावर मैलोन्‌मैल मेलेले मासे. तुमच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांबरोबर केलेल्या अहवालात एकूण हानी सुमारे १४ अब्ज डॉलरची धरली आहे.

हे आधी लिहिलं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणू नये की या गृहस्थाला धरण फुटल्याचा आनंद झाला. तो गुन्हा होता. गुन्ह्यातून काही उगवलं म्हणून गुन्ह्याची शिक्षा कमी होत नाही. पण उगवलं आहे ते उगवलं आहे.

काय उगवलं? पाणी पळाल्यावर सुरुवातीला सगळ्यांनीच वाळवंटाची भीती घातली होती. गाळ वाळेल, भेगाळेल, विषारी धूळ उडेल, तणं माजतील. पण धरण फुटलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि वाळुंज नि पॉप्लरचा कापूस उडायचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. या झाडांचं बी फार नाजूक. काही दिवसांत उघडा, ओला गाळ मिळाला तर रुजतं, नाहीतर मरतं. एरवी नदीकाठी त्याला वीतभर जागा मिळायची मारामार. त्या वर्षी त्याला दोन हजार चौरस किलोमीटर मिळाले. तुमचे वनस्पतीशास्त्रज्ञ, काही खेरसनच्या विद्यापीठातले, काही कीवच्या वनस्पतीशास्त्र संस्थेतले, कामियान्स्का सिच राष्ट्रीय उद्यानाच्या काठाने सुरुंग चुकवत खाली उतरले, तेव्हा त्यांना चौरस मीटरमागे डझनावारी रोपं दिसली. पहिल्याच शरदात काही वाळुंजं माणसाच्या डोक्यावर गेली होती. पुढच्या वर्षी ते जंगल झालं.

वाळुंज म्हटल्यावर आमच्याकडच्या नव्या पिढीला औद्योगिक वसाहत आठवेल. पण भीमेच्या काठी वाळुंजाची झाडं होती, आजोबा त्याच्या फांद्यांच्या पाट्या विणायचे. मी उजनीकाठी ते झाड पाहिलेलं नाही. पाहिलं ते झापोरिझियात.

२०२४ च्या उन्हाळ्यात बाबुस्यांनी फोटो पाठवला. त्यांचा नातू, पंधरा वर्षांचा, उंचपुरा. तो मालोकातेरिनिव्काच्या काठावरून खाली उतरून उभा आहे, हात वर केलेला, आणि हातात त्यांचा स्वयंपाकघरातला झाडू. म्हणजे मुलगा अधिक हात अधिक झाडू, आणि तरीही मागच्या वाळुंजाचा शेंडा झाडूच्या वर. जमिनीवर शिंपल्यांचा पांढरा थर, पाण्यातून आलेला, आणि त्यातूनच खोडं निघालेली. खाली त्यांनी लिहिलं होतं : “आमचंही वर आलं.” पुढे आणखी एक ओळ होती, की तिकडे फार पुढे जाऊ देत नाही त्याला, पलीकडच्या काठावरून ड्रोन येतात.

आता तुमच्या ठरावाबद्दल. १८ जुलै २०२३ रोजी तुम्ही काखोव्काचा जलविद्युत प्रकल्प पुन्हा बांधण्याचा प्रायोगिक प्रकल्प मंजूर केलात. पहिल्या टप्प्यात आराखडे, आणि तो मुलूख मुक्त झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात बांधकाम. धरण फुटून तेव्हा बरोबर सहा आठवडे झाले होते. लोक अजून घरातला चिखल काढत होते. युद्धात शत्रूने जे मोडलं ते आपण पुन्हा उभारू, हे सांगायची त्या वेळी गरज होती हे मला समजतं. तुमच्याकडे त्यासाठी सुंदर शब्द आहे, ‘विद्बुदोवा’, पुनर्बांधणी. पूल, शाळा, दवाखाने यांना तो शब्द चपखल बसतो. पण या एका ठिकाणी तो अडखळतो. तुम्ही नेमकं कोणत्या वर्षाचं पुन्हा बांधणार? २०२२ चं की १९५० चं? शत्रूने मोडलं ते धरणही जुन्या शत्रूनेच बांधलं होतं, ठराव मॉस्कोत करून, तुमच्या इतिहासाच्या छातीवर. राष्ट्र म्हणून तुम्ही पुतळे उतरवले, रस्त्यांची नावं बदलली. आणि त्या साम्राज्याने बुडवलेली एवढी मोठी जागा आपोआप वर आली आहे, तर ती पुन्हा झाकायचे आराखडे काढताय.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, हे मला माहीत आहे. वाक्याने कुणाच्या नळाला पाणी येत नाही. निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव या गावांचे नळ धरणाबरोबर सुकले. तुमच्याच शेती मंत्रालयाचा हिशोब होता की खेरसन प्रांतातल्या ९४ टक्के सिंचन योजना, झापोरिझियातल्या ७४ टक्के आणि द्नीप्रोपेत्रोव्स्कमधल्या ३० टक्के योजनांचं पाणी गेलं. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला काय वाटत असेल ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे आवर्तन आठ दिवस लांबलं तरी रास्ता रोको होतो. आणि खेरसनचं कलिंगड! पहिल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला डोंगरासारखी रास पाहिली तेव्हा मला घरची आठवण आली. उजनीचं पाणी मागे सरकलं की आमचे लोक उघड्या पडलेल्या गाळावर कलिंगड-खरबूज करतात, त्याला गाळपेर म्हणतात. धरणाने जमीन नेली, आणि उन्हाळ्यात उधारीवर परत दिली.

म्हणून मी असं म्हणणार नाही की धरण वाईट आणि नदी चांगली, विषय संपला. माझ्या दवाखान्याची इमारत उसाच्या पैशावर उभी आहे आणि तो ऊस उजनीच्या पाण्यावर. आजोबांचं गाव बुडवून वडिलांच्या पिढीने पैसा पाहिला. दोन्ही खरं आहे.

इतकंच काय, पक्ष्यांच्या बाबतीतही धरणाच्या बाजूने बोलता येतं. भिगवणला दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पुण्याहून गाड्या भरभरून लोक बघायला येतात, आमची होडीवाली पोरं त्यावर जगतात. रोहित आले ते धरणामुळे. काखोव्कालाही तेच. २००६ मध्ये तुम्ही वासिलिव्काजवळ ‘वेलिकी लूह’ राष्ट्रीय उद्यान केलंत. त्याच्या सात दीपगृहांच्या बेटांवर आणि कुचुहुरीच्या बेटांवर बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या वसाहती होत्या, पांढऱ्या शेपटीचे गरुड घरटी करायचे, आणि या दोन्ही जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहेत. त्या बेटांचं रक्षण भोवतालचं पाणीच करत होतं. पाणी गेलं, बेटं जमिनीला जोडली गेली, आता कोल्हा आणि रानडुक्कर चालत घरट्यापर्यंत जाऊ शकतात. उद्यानाचा मुलूख रशियाच्या ताब्यात. म्हणजे वेलिकी लूह परत आलं तेव्हा ‘वेलिकी लूह’ नावाच्या उद्यानाची जुनी शान गेली. निसर्ग असा कुणाच्याच बाजूने सरळ साक्ष देत नाही.

तरीही मी तराजूत एक गोष्ट टाकतो. अथांग पाण्याचा तलाव तुम्हाला द्नीप्रोवर कुठेही पाहता येईल. कीव, कानिव, क्रेमेन्चुक, कामियान्स्के, द्नीप्रो, वर अजून पाच धरणं आहेतच. मोकळं वाहणारं, पूर येणारं, गाळ टाकणारं द्नीप्रोचं एवढं मोठं पात्र मात्र कीवपासून खाली हे एकच उरलं आहे. शिंगाळे, ऊद, तळ्यातली कासवं, स्टर्जन मासे यांना तलाव नको असतो, त्यांना फाटे हवे असतात. धरणाचा बगळा दुसऱ्या धरणावर जाईल. प्लाव्नीतला प्राणी कुठे जाणार?

गाळाबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘जंगल उगवलं, आता सगळं छान’ असा सूर मला पटत नाही. झापोरिझियाच्या पोलाद कारखान्यांचा धूर मी सहा वर्षं श्वासात घेतला आहे. खिडकीच्या कठड्यावर सकाळी काळी पूड असायची. सत्तर वर्षं ते सगळं पाण्यातून जलाशयाच्या तळाशी बसलं. २०२५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तळाच्या गाळात जड धातू सुमारे ८३ हजार टन असल्याचा अंदाज केला, आणि त्यातला एक टक्काही पुराबरोबर वाहून गेलेला नाही असं म्हटलं. बाकीचा तिथेच आहे, त्या वाळुंजांच्या मुळाशी. त्याच अभ्यासात असंही आहे की नदी मोकळी राहिली तर या परिसंस्थेचं बरंचसं कार्य पाच वर्षांत परत येऊ शकतं. डॉक्टर म्हणून मला या दोन वाक्यांपैकी एकच वाचायची मुभा नाही. गाय त्या गवतावर चरली आणि दूध शहरात आलं तर? म्हणून पहिली मागणी जंगलाच्या कौतुकाची नाही, मोजमापाची आहे. माती, झाडपाला, मासे, विहिरी, आणि काठावरच्या पोरांचं रक्त. शिसं रक्तात मोजायला धरण बांधावं लागत नाही.

एनरहोदारच्या अणुऊर्जा केंद्राचा मुद्दा शेवटी येतो आणि चर्चा तिथेच संपवली जाते. सहा अणुभट्ट्या, पाण्याशिवाय कशा थंड ठेवणार? पण त्या केंद्राच्या शीतकरण तलावाला स्वतःचा बांध आहे. जलाशय गेल्यावरही तो टिकला, आणि सगळ्या भट्ट्या बंद असताना लागणारं पाणी विहिरी खोदून भागवलं गेलं. उद्या केंद्र पुन्हा चालू करायचं ठरलं तर पाणी जास्त लागेल, नदीतून पंपाने उचलावं लागेल, खर्च येईल. मात्र एका तलावाची भर घालायला सहा नाथसागर भरावे लागतात, हे गणित मला तरी कुठल्या अभियंत्याने अजून पटवून दिलेलं नाही.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. धरण फुटल्यावर तुम्हीच युद्ध चालू असताना निकोपोल-क्रिवी रीहच्या बाजूला मोठ्या जलवाहिन्या टाकल्या. गोळे पडत असताना टाकल्या! ज्या सरकारला हे जमतं त्याने ‘धरणाशिवाय पर्याय नाही’ असं म्हणू नये. सिंचनाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि काही जमीन कोरडवाहूच राहील, हे त्या शेतकऱ्यांना तोंडावर सांगून भरपाई द्यावी लागेल. पण नदी आहे, नदीत पाणी आहे. उचल पाण्यावर काय काय पिकतं ते बघायला खुशाल इकडे या, आम्ही हुरडा खायला घालू.

तुम्हाला युरोपीय संघात जायचं आहे. २०२२ च्या जूनपासून तुम्ही तिथले उमेदवार देश आहात. त्याच संघाने २०२४ मध्ये निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा केला आणि २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या अडथळ्यांतून मोकळ्या करायचं ठरवलं. तिथले देश पैसे मोजून बांध फोडत आहेत. तुम्ही किंमत आधीच मोजून बसला आहात, तीही माणसांच्या जिवांची.

खणकामाबद्दल एक. पाणी ओसरल्यावर खोर्तित्सियाच्या आसपास ओकच्या एका खोडातून कोरलेली जुनी होडी सापडली, चिखलात मातीची भांडी दिसली, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कवट्याही. त्याच वेळी धातुशोधक घेऊन रात्रीचे फिरणारेही निघाले. सिचची ठाणी जिथे होती तिथे आता वाळुंज माजलं आहे, मुळं खाली शिरत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवर वाढताहेत, जंगल आणि पुरातत्त्व, आणि त्यांचंही आपसात जमेलच असं नाही. तेव्हा सुरुंग निघाल्यावर पहिली गाडी काँक्रीटची नको, पुरातत्त्वज्ञांची असू द्या. आणि तोवर त्या अख्ख्या पट्ट्याला एक कायदेशीर संरक्षण द्या. कामियान्स्का सिचच्या उद्यानाला २०१९ मध्ये दिलंत, तसं. आज ती जमीन कागदावर जलाशयाचा तळ आहे, आणि तळाला कुणी वाली नसतो.

आणखी एक मागणी, आणि माझ्या दृष्टीने हीच मोठी. आजोबांना गाव सोडायची नोटीस आली, त्यात तारीख होती, प्रश्नचिन्ह नव्हतं. बाबुस्यांच्या आईला तर नोटीसही आली नाही. ब्रिगेडचा माणूस वहीत विटा मोजून गेला. आमच्याकडे आता निदान कागदावर जनसुनावणी असते. शामियाना, माइक, वरती अधिकारी, आणि समोर ओरडणारे आम्ही. फार उपयोग होतो असं म्हणत नाही, पण ओरडायला मिळतं. युद्ध संपल्यावर काखोव्काचा आराखडा मंजुरीला जाईल तेव्हा निकोपोलला, मार्हानेत्सला, बेरिस्लावला, वासिलिव्काला, एनरहोदारला आणि खालच्या अंगाच्या ओलेश्कीला अशी सुनावणी घ्या. पाणी हवं असलेलेही येऊ देत. ज्यांची घरं दोनदा पाण्यात गेली, एकदा धरण बांधताना आणि एकदा फुटताना, तेही येऊ देत. विजेचा हिशोब घेऊन तुमच्या जलविद्युत कंपनीचे साहेब बसतीलच. शेजारी माती तपासणाऱ्यांनाही खुर्ची द्या.

बाबुस्या आता ऐंशीच्या घरात आहेत. शहर सोडून जा म्हणून मुलीने हजारदा सांगितलं, त्या गेल्या नाहीत. परवा फोनवर हे पत्र लिहितोय म्हणून सांगितलं तर म्हणाल्या, त्यांना लिही की सुनावणी दुपारी दोननंतर ठेवा, सकाळी मला टोमॅटोला पाणी घालायचं असतं. कुठून आणता पाणी, विचारलं. म्हणाल्या, “विहिरीतून. आणि कोन्कातून बादलीने. नदी परत आली आहे ना, मधूनच वाहते आहे, आईने सांगितलं होतं तिथूनच.”

दुपारी दोननंतर ठेवा.

आपला,
उजनीच्या बुडीत गावचा एक डॉक्टर,
इंदापूर, जिल्हा पुणे